टोकियोत जेवायला कुठे जायचं? हॉटेलचं नाव सगळ्यात शेवटी ठरवा

शनिवार संध्याकाळ, पावणेआठ. शिंजुकू स्टेशनच्या पूर्वेकडच्या दाराबाहेर आठ माणसं उभी. दोन आजी, एक सहा वर्षांचा मुलगा, आणि त्यातल्या एकाच्या फोनवर ४.६ तारे मिळवलेलं हॉटेल. पंचवीस मिनिटं गल्ल्या पालथ्या घालून ते सापडतं, आणि आत असतात नऊ स्टुलं. त्यातली सात भरलेली. मालक दोन्ही हातांनी फुली करून दाखवतो. पुढचा पाऊण तास रस्त्यावर, मग मुलगा रडायला लागतो आणि शेवटी सगळे बर्गर खातात.

पाहुण्यांचं हे असं झालेलं मी इतक्यांदा पाहिलंय, की आता कुणी येणार म्हटलं की त्यांना खालची यादीच पाठवते. चूक जवळजवळ प्रत्येक वेळी एकच असते: लोक आधी हॉटेल शोधतात आणि मग त्यात आपली माणसं, आपली पथ्यं आणि आपली वेळ बसवायला बघतात. या शहरात ते उलटं करावं लागतं.

१. आधी डोकी मोजा

टोकियोतली बरीचशी चांगली हॉटेलं आपल्याकडच्या टपरीएवढी असतात. आठ-दहा जागांचा काउंटर, मागे भिंत, बॅगा पायाशी. त्यामुळे किती जण, हा पहिला प्रश्न.

दोघं असाल तर जवळपास काहीही शक्य आहे. चौघं असाल तर काउंटरवाली दुकानं सोडा, टेबलं असलेली बघा. पाच किंवा जास्त असाल तर बुकिंगशिवाय रात्रीच्या जेवणाला निघूच नका, नाहीतर तीन-तीन, चार-चारचे गट करायची तयारी ठेवा. गट करणं आपल्याला जिवावर येतं, पण रामेनसारख्या (रश्श्यातल्या नूडल्स) पदार्थाला तेच शहाणपणाचं. पंधरा मिनिटांत खाऊन उठायचं असतं, गप्पा नंतर कॉफीवर मारता येतात.

मग माणसांचा प्रकार. मांडी घालून किंवा जमिनीलगतच्या टेबलाशी बसणं ज्यांना जमत नाही, त्यांच्यासाठी खुर्ची हवी हे आधीच लिहून ठेवा. लहान मूल बरोबर असेल तर धुराचं बघा. २०२० च्या एप्रिलपासून हॉटेलांत धूम्रपानावर कायद्याने बंधनं आली, पण काही छोट्या जुन्या दुकानांना सूट आहे. जिथे सिगारेट चालते त्या जागेत २० वर्षांखालच्या कुणालाही प्रवेशच नसतो, अगदी कडेवरच्या बाळालासुद्धा. तशी पाटी दारावर लावलेली असते.

तपासा: एका कागदावर एवढंच लिहा. किती जण, खुर्ची हवी का, मूल आहे का. पुढची प्रत्येक पायरी या कागदाशी ताडून बघायची.

२. काय चालत नाही, ते घरीच ठरवा

या पायरीवर मी थोडी जास्त थांबणार आहे, कारण मराठी घरांचं घोडं इथेच पेंड खातं.

माझी मावशी आली होती तेव्हाची गोष्ट. तिच्यासाठी तळलेलं तोफू मागवलं. मेनूत मांस नाही, मासा नाही, मीही निर्धास्त. वाटी आली. वर तपकिरी, कागदासारख्या पातळ चकत्या, आणि वाफेने त्या चक्क हलत होत्या, वळवळल्यासारख्या. मावशीने चष्मा वर केला आणि विचारलं, "अगं, हे जिवंत आहे का?" जिवंत नव्हतं. तो कात्सुओबुशी होता, वाळवलेल्या बोनिटो माशाचा कीस. वरचा कीस काढून टाकला असता तरी खालचा रस्सा त्याच माशाचा होता.

त्या रश्श्याला दाशी म्हणतात. आपल्याकडे फोडणी जितकी सर्वत्र, तितकी इथे दाशी. मिसो सूपमध्ये, उदोन नूडल्सच्या रश्श्यात, सोबा नूडल्स बुडवून खायच्या सॉसमध्ये, उकडलेल्या भाज्यांत, वाफवलेल्या अंड्यातही. फक्त कोम्बू नावाच्या समुद्री वनस्पतीची किंवा शिताके मशरूमची दाशीही असते, पण ती गृहीत धरू नका. इथल्या स्वयंपाक्याला माशाची दाशी म्हणजे मासा असं वाटतच नाही. म्हणून "व्हेजिटेरियन आहे का?" विचारलं की तो मनापासून हो म्हणतो. खोटं बोलत नसतो.

तेव्हा घरातल्या प्रत्येकाने निघण्याआधी स्वतःचा गट ठरवावा:

- डोळ्यांना दिसणारं मांस-मासा नको, रश्श्यातली दाशी चालेल. असं असेल तर अर्धं शहर तुम्हाला खुलं आहे.
- दाशीही नको. मग नेहमीची जपानी हॉटेलं विसरा. व्हीगन हॉटेलं, बौद्ध मठांच्या परंपरेतलं शाकाहारी जेवण म्हणजे शोजिन र्‍योरी आणि भारतीय हॉटेलं एवढंच उरतं. टोकियो स्टेशनात तिकिटाच्या गेटच्या आत, केइयो स्ट्रीटवर टीज तानतान हे व्हीगन रामेनचं हॉटेल आहे. आत असल्यामुळे गाडी बदलतानाच तिथे जेवणं सोयीचं.
- गाय नको, बाकी चालतं. हे सोपं वाटतं, पण नाही. खाली बघा.
- कांदा-लसूणही नको. शोजिन परंपरेत कांदा-लसूण वर्ज्य असतो, म्हणून जैन पाहुण्यांना मी तिकडेच नेते. तरीही बुकिंग करताना स्पष्ट लिहावंच लागतं.

सावधान, गोमांस न खाणाऱ्यांनी: हांबागु नावाचा जाड कटलेटसारखा प्रकार मुलांना फार आवडतो. तो बहुतेक वेळा गाय आणि डुक्कर यांच्या मिसळलेल्या खिम्याचा असतो. जपानी करीच्या तयार मसाल्यात प्राण्यांची चरबी असू शकते, "व्हेजिटेबल करी" या नावाखालीसुद्धा. कोरोक्के म्हणजे बटाट्याचं कटलेट, पण त्यात बऱ्याचदा थोडा खिमा घालतात. बटाट्याच्या सॅलडमध्ये हॅम सापडतं. कोको इचिबान्या या करीच्या साखळीत बऱ्याच शाखांत प्राणिजन्य घटक नसलेली वेगळी करी मिळते, पण ती वेगळी मागावी लागते. नेहमीची करी डुकराच्या मांसाची.

तेम्पुरा (पिठात बुडवून तळलेला, भज्यांसारखा प्रकार) भाज्यांचा असला तरी पिठात अंडं असतं, कढई कोळंबीची तीच असते आणि बुडवायचं पाणी दाशीचं. पाण्याऐवजी मीठ हवं असेल तर "शिओ" म्हणायचं.

तोंडी समजावत बसू नका. फोनवर जपानीत एक चिठ्ठी भाषांतर करून ठेवा आणि त्यात "मी शाकाहारी आहे" एवढंच न लिहिता वस्तूंची नावं लिहा: निकू म्हणजे मांस, साकाना म्हणजे मासा, ग्यूनिकू म्हणजे गोमांस, बुतानिकू म्हणजे डुकराचं, तामागो म्हणजे अंडं, आणि दाशी. बोट ठेवून "हाइत्तेमास का?" असं विचारलं, म्हणजे "यात आहे का?", तर खरं उत्तर मिळतं.

३. वेळ

दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन. मग बरीच दुकानं बंद होऊन पाचला पुन्हा उघडतात. पुण्याच्या माणसाला दुपारची बंदी नवी नाही, पण पर्यटक म्हणून फिरताना अडीचला भूक लागते आणि तेव्हा दारावरचा पडदा आत गेलेला असतो. "लास्ट ऑर्डर" ही वेळ बंद होण्याच्या अर्धा तास, कधी तासभर आधीची. फोनवर "रात्री १० पर्यंत" दिसलं की तुमच्यासाठी ते साडेनऊ समजा.

बारा ते एक ऑफिसवाल्यांची गर्दी. सव्वाअकराला जाऊन उभे राहा, नाहीतर सव्वाच्या पुढे. आणि महागड्या ठिकाणी जायची हौस असेल तर दुपारीच जा. रात्री माणशी दहा-पंधरा हजार येन घेणारी कितीतरी हॉटेलं दुपारी तीन-चार हजारांत छोटं जेवण देतात, स्वयंपाकी तोच. हा एक मुद्दा पाळलात तरी सहलीचा खर्च जाणवण्याइतका खाली येतो.

सावधान: शिंबाशी, ओतेमाची, निहोनबाशी हे ऑफिसांचे भाग. रविवारी तिथली छोटी दुकानं सरसकट बंद. मासळी बाजार २०१८ च्या ऑक्टोबरमध्ये त्सुकिजीहून तोयोसूला गेला. त्सुकिजीचा बाहेरचा बाजार जागेवरच आहे, पण तो सकाळचा. दुपारी दोननंतर तिथे आवराआवर दिसते, रविवारी आणि काही बुधवारी बरीच दुकानं बंद. नववर्षाचे पहिले तीन दिवस आणि ऑगस्टच्या मध्यातला पूर्वजांच्या स्मरणाचा सण ओबोन, या काळात छोट्या हॉटेलांच्या भरवशावर राहू नये.

४. शहर नाही, स्टेशन निवडा

"टोकियोतलं सगळ्यात चांगलं सुशी" शोधणं म्हणजे "मुंबईतला सगळ्यात चांगला वडापाव" शोधणं. कुलाब्यात उभं राहून बोरिवलीचं उत्तर मिळतं. जेवायच्या वेळी तुम्ही कुठल्या स्टेशनजवळ असणार, ते आधी बघा आणि तिथून दहा मिनिटांच्या चालण्यात जे आहे त्यातूनच निवडा. शिंजुकूसारख्या ठिकाणी बाहेर पडायची दारंच दोनशेच्या आसपास आहेत. चुकीच्या दाराने बाहेर आलात तर तीच दहा मिनिटं अर्ध्या तासाची होतात. म्हणून पत्त्याबरोबर दाराचं नाव किंवा नंबरही लिहून घ्या.

काही भागांचे स्वभाव सांगते, बाकीचे नकाशा सांगेल. त्सुकिशिमाला मोन्जायाकी, तव्यावर स्वतः परतून छोट्या उलथन्याने खरवडून खायचा पातळ प्रकार. जिम्बोचोला जुनी पुस्तकं आणि करी, या दोन्ही गोष्टी दारोदार. युराकुचोला रेल्वेच्या कमानींखाली याकितोरी (काडीला लावून भाजलेलं चिकन) आणि धूर. आणि मेट्रोच्या तोझाई लाइनवरचं निशी-कासाई, जिथे आपल्या आयटीवाल्या मंडळींची वस्ती आहे. ओतेमाचीहून साधारण पंधरा-वीस मिनिटं. चौथ्या दिवशी आजींनी "आता वरणभात नाहीतर मी झोपते" असं जाहीर केलं की मी तिथे नेते. वरणभात नसला तरी डोसा-सांबारावर त्यांचा राग उतरतो.

शहरात इतरत्र "इंडियन करी" लिहिलेली असंख्य दुकानं दिसतील. त्यातली बरीचशी नेपाळी लोक चालवतात, आणि चव जपानी जिभेला धरून गोडसर असते. एक सोय मात्र मोठी: तिथे हिंदी चालतं, त्यामुळे पथ्य समजावताना घसा कोरडा पडत नाही.

५. आता दुकानाचा प्रकार

नाव अजूनही नाही. पायरी १ चा कागद काढा आणि प्रकार जुळवा.

वयस्कर माणसं, मुलं, प्रत्येकाची वेगळी आवड, असा गोतावळा असेल तर डिपार्टमेंट स्टोअरचे वरचे मजले. शिंजुकूच्या ताकाशिमायात १२ ते १४ मजल्यांवर हॉटेलंच हॉटेलं आहेत. बाहेर काचेत पदार्थांचे हुबेहूब प्लॅस्टिकचे नमुने किमतीसकट मांडलेले, खुर्च्या, लिफ्ट, स्वच्छ बाथरूम. जाणकार मंडळी नाक मुरडतात. मुरडू देत. दोन आजींना घेऊन गल्लीतल्या अरुंद जिन्याने दुसऱ्या मजल्यावर चढून बघा, मग बोला.

इझाकाया म्हणजे दारूबरोबर छोट्या छोट्या बश्या मागवत बसायची जागा. इथे प्रत्येकाने किमान एक पेय घ्यावं अशी अपेक्षा असते (उलोंग चहा चालतो) आणि न मागवता एक वाटी समोर येते. तिला ओतोशी म्हणतात, माणशी साधारण ३०० ते ५०० येन. ती फसवणूक नव्हे, बसण्याचे पैसे आहेत. आठ जणांचे झाले की बिलात तीन-चार हजार दिसतात आणि मग गल्ल्यावर वाद घालणारे काका मी पाहिलेत. मुलं असतील किंवा कुणीच पिणारं नसेल तर इझाकाया निवडूच नये.

झटपट खायचं तर रामेन, सोबा, ग्यूदोन (भातावर गोमांस). स्वस्तात मुलांना खूश करायचं तर फिरत्या पट्ट्याची सुशी: स्क्रीनवर चित्र बघून मागवायचं, काकडीचे रोल आणि अंड्याची सुशी कच्चा मासा न खाणाऱ्यांनाही जमते. सगळ्यांचा कंटाळा एकाच टेबलावर बसवायचा तर साइझेरिया किंवा गुस्तोसारखी फॅमिली रेस्टॉरंट.

६. आता कुठे रेटिंग

स्टेशन आणि प्रकार हातात आला की नकाशावर शोधा. मिळालेली चार-पाच नावं ताबेलॉग या जपानी साइटवर टाकून बघा.

इथे लोक हमखास घसरतात. ताबेलॉगवर ३.४ दिसलं की "बंडल" म्हणून सोडून देतात. तिथले लोक गुण देण्यात कंजूष. आपल्या जुन्या काळच्या मराठीच्या मास्तरांसारखे. बरीचशी हॉटेलं ३ च्या जरा वर असतात. ३.५ च्या पुढे गेलेलं उत्तम समजायचं, आणि ४ च्या पुढचं बहुधा आधीच भरलेलं असतं. उलट गूगलवर ४.७ आणि सगळ्या प्रतिक्रिया इंग्रजीत असतील तर ते पर्यटकांचं ठिकाण. वाईट असेलच असं नाही, पण रांग आणि किंमत दोन्ही जास्त.

गुणांपेक्षा मी तीन गोष्टी बघते: दुपारचा आणि रात्रीचा माणशी खर्च (वेगवेगळा दिलेला असतो), साप्ताहिक सुट्टी, आणि जागा किती. शिवाय आतला एखादा फोटो, खुर्च्या कशा आहेत ते कळायला.

तपासा: शेवटी दोन नावं ठेवा, एकमेकांपासून पाच मिनिटांवरची. एकच नाव घेऊन निघालात तर पायरी १ ते ५ वाया.

७. बुकिंग

पाच जण, शुक्रवार-शनिवार किंवा पथ्य असलेली माणसं, यापैकी काहीही असेल तर करा. बऱ्याच ठिकाणी ऑनलाइन इंग्रजीत होतं. जिथे फक्त फोन चालतो तिथे मुक्कामाच्या हॉटेलच्या काउंटरवर चिठ्ठी द्या: तारीख, वेळ, किती जण, काय चालत नाही, आणि पर्यायी वेळ. पलीकडून "चोत्तो..." ("थोडं...") असं अर्धवट वाक्य आलं की ते नाही असतं. आपण "थोडं काय?" म्हणून वाट बघत बसतो.

वेळेवर पोहोचणं अपेक्षित असतं, पंधरा मिनिटं उशीर होणार असेल तर कळवायचं. आठ सांगून सहा जाणं आपल्याकडे चालून जातं. इथे मालकाने आठ जणांचा मासा कापून ठेवलेला असतो, आणि न येणाऱ्या दोघांचे पैसे लागू शकतात.

८. दाराशी एक मिनिट

- कापडी पडदा (नोरेन) बाहेर टांगलेला म्हणजे चालू. पाटीवर फोनचा कॅमेरा धरून भाषांतर बघा: "एइग्योच्यू" म्हणजे उघडं, "जुम्बीच्यू" म्हणजे तयारी सुरू आहे, अजून आत यायचं नाही. पाटी छान सजवलेली असते म्हणून लोक ढकलून आत जातात.
- बाहेर खुर्च्या आणि एक वही असेल तर त्यात नाव आणि संख्या लिहायची, मगच बसायचं. नुसतं रांगेत बसलात तर नंबर कधीच येणार नाही. आडनाव कुलकर्णी असेल तर वहीत रवी लिहा. "कुरुकारुनी-सामा" अशी हाक आपल्यालाच आहे हे कळेपर्यंत दुसरं कुणीतरी आत गेलेलं असतं.
- बोटं दाखवून किती जण ते सांगा आणि थांबा. टेबल रिकामं दिसलं तरी स्वतःहून बसायचं नाही.
- फक्त रोख चालतं का, ते दारावरच्या स्टिकरवरून कळतं. माणशी दोन-तीन हजार येन जवळ असू द्या.

सावधान: शिंजुकूजवळच्या काबुकिचो या बार-क्लबांच्या भागात कुणी हसतमुख माणूस "स्वस्त आहे, चला" म्हणत बरोबर चालू लागला तर मान हलवून पुढे व्हा. या दलालांबद्दल तिथे लाउडस्पीकरवर इशारे देत असतात. जवळच्या "गोल्डन गाई" नावाच्या गल्ल्यांमधल्या चिमुकल्या बारमध्ये बसण्याचे वेगळे पैसे असतात. ते दारावर लिहिलेले नसतील तर आत जाऊ नका.

रामेनच्या दुकानात दाराजवळ बटणांचं मशीन असेल तर आधी पैसे, मग बटण, मग कुपन घेऊन काउंटरवर ठेवायचं. काही कळलं नाही तर वरचं डावीकडचं बटण दाबा, दुकानाचा मुख्य पदार्थ बहुधा तिथेच असतो (पथ्य असेल तर अर्थातच नाही). २०२४ च्या जुलैमध्ये नव्या नोटा आल्या, आणि काही जुनी मशीनं त्या परत बाहेर फेकतात. सुटी नाणी ठेवा. टिप कुठेच नाही. ठेवलीत तर वेटर रस्त्यापर्यंत धावत येऊन परत देईल.

९. सगळं फसलं तर

दोन्ही नावं भरलेली, साडेसात वाजलेले, मुलगा पेंगुळलेला. अशा वेळी तिसरं हॉटेल शोधायचं नाही. जवळच्या डिपार्टमेंट स्टोअरच्या तळघरात उतरायचं, त्याला देपाचिका म्हणतात. बंद व्हायच्या तासभर आधीपासून डब्यांवर सवलतीचे स्टिकर चिकटायला लागतात, आणि स्टिकर मारणाऱ्या बाईच्या मागे शांतपणे चार माणसं उभी असतात. पाचवे तुम्ही. भात, तेम्पुरा, सॅलड, फळं घ्या, चिठ्ठी दाखवून दाशीचं विचारा, आणि खोलीवर जाऊन खा. तिथे बसायला जागा नसते आणि रस्त्यात चालत खाणं बरं दिसत नाही. पैसे देताना "ओहाशी?" असा प्रश्न येईल. चॉपस्टिक्स किती जोड्या हव्यात, एवढंच विचारतायत. बोटं दाखवा, आणि आजींसाठी चमचा मागून घ्या: "सुपून".